वापरलेले सबमरीनर घेताना खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी

मागच्या दिवाळीनंतर माझा मावसभाऊ एक घड्याळ घेऊन घरी आला. काळ्या डायलचे, पोलादी, तारीख दाखवणारे रोलेक्स सबमरीनर. ओळखीतल्या एका विक्रेत्याने ते १९९६ सालचे म्हणून त्याच्याकडे पाहायला दिले होते आणि आठ दिवसांत पैसे द्यायचे ठरले होते. सोबत पेटी होती, १९९६ चा कागद होता, आणि कागदावरचा क्रमांक केसवरच्या, म्हणजे घड्याळाच्या पोलादी कवचावरच्या, क्रमांकाशी जुळत होता. खोलीतला दिवा मालवून आम्ही ते टेबलावर ठेवले, तर चहा होईपर्यंत डायलवरचे ठिपके हिरवेगार चमकत राहिले. मला शंका आली ती तिथेच.

त्या काळातल्या सबमरीनरच्या डायलवर अंधारात चमकणारा, ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचा लेप असे. ट्रिटियमचे अर्धे आयुष्य सुमारे १२.३ वर्षांचे असते. म्हणजे तीस वर्षांनी त्याचा पाचवा भागही शिल्लक राहत नाही. असा जुना लेप प्रखर दिव्याखाली धरला तर क्षणभर उजळतो आणि लगेच विझतो. भिंगातून पाहिले तेव्हा सहाच्या जागेखाली, डायलच्या अगदी कडेला, नुसते ‘स्विस मेड’ छापलेले दिसले. १९९६ च्या डायलवर तिथे ट्रिटियमची खूण, म्हणजे ‘टी’ हे अक्षर आणि २५ हा आकडा असायला हवा होता. पुढे जाणकार घड्याळजीने पाठ उघडली, तेव्हा केस खरी, मशीन खरे आणि डायल बाहेरून बनवून बसवलेले असे निष्पन्न झाले.

हे सविस्तर सांगितले, कारण आपल्याकडे बहुतेक खरेदीदार एकच प्रश्न विचारतात: घड्याळ ओरिजिनल आहे ना? या प्रश्नाला मावसभावाच्या घड्याळाचे प्रामाणिक उत्तर ‘दोन तृतीयांश’ असे आले असते. त्यामुळे मी प्रश्नच बदलून घेतला आहे. या घड्याळाचा प्रत्येक भाग त्याच मॉडेलचा आणि त्याच काळातला आहे का, आणि नसेल तर तो कधी, कोणी व का बदलला, हे विक्रेता कागदानिशी सांगू शकतो का? पुढे सांगितलेली सगळी तपासणी या एका मेळाभोवती फिरते. उदाहरण म्हणून मी सबमरीनरच घेतो, कारण नकला करणाऱ्यांचे ते आवडते घड्याळ आहे आणि त्याच्या पिढ्यांमधले फरक स्पष्ट आहेत.

घड्याळ हातात घेण्याआधी

आधी विक्रेता तपासावा. बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ किंवा ‘मास्टर कॉपी’ म्हणून जे विकले जाते, त्यात निदान विकणारा नक्कल आहे असे कबूल करतो. कायद्याने ते विकणेही गुन्हाच आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार खोटे चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. आपल्याला खरा धोका आहे तो तेच घड्याळ पेटी आणि कागदांसह ‘अर्जंट विकायचे आहे’ म्हणून आणणाऱ्याकडून. पेटी स्वतंत्रपणे विकत मिळते, वॉरंटी कार्डाचीही नक्कल होते, आणि खरा क्रमांक तर कोणत्याही छायाचित्रातून उचलून शेकडो नकली केसवर कोरता येतो. म्हणून क्रमांक जुळला याचा अर्थ एवढाच होतो की तो जुळवण्याची काळजी कोणीतरी घेतली आहे.

विक्रेत्याला तीन गोष्टी फोनवरच विचाराव्यात. घड्याळ त्याच्याकडे कोणाकडून आले, शेवटची सर्व्हिस कुठे झाली व तिची पावती आहे का, आणि तुमच्या घड्याळजीसमोर पाठ उघडायला त्याची हरकत आहे का. तिसऱ्या प्रश्नावर ‘पाठ उघडली की पाणी शिरते’ असे उत्तर आले, तर पुढे जाऊ नये. पाठ उघडल्यानंतर नवे गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारे रबरी कडे, बसवून दाबाची चाचणी करणे हे घड्याळजीचे नेहमीचे काम आहे.

वर्षाचा मेळ

हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी भिंगही लागत नाही. तारीख असलेल्या पोलादी, काळ्या सबमरीनरच्या अलीकडच्या तीन पिढ्या लक्षात ठेवाव्यात. मॉडेल क्रमांक १६६१० हे १९८८ पासून २०१० पर्यंत बनत होते. त्याची केस ४० मिलिमीटरची, बेझलवरची, म्हणजे काचेभोवती फिरणाऱ्या चकतीवरची, काळी पट्टी ॲल्युमिनियमची आणि मशीन ३१३५ क्रमांकाचे. त्यानंतर २०१० मध्ये ११६६१० आले. मशीन तेच राहिले, पण बेझलवर सिरॅमिक आले, पट्टा धरणारी केसची टोके जाड झाली आणि अंधारातला उजेड निळा झाला. २०२० च्या सप्टेंबरात १२६६१० आले. केस ४१ मिलिमीटरची झाली, मशीन ३२३५ झाले, आणि डायलच्या तळाशी ‘स्विस’ व ‘मेड’ या दोन शब्दांच्या मध्ये रोलेक्सचे चिन्ह असलेला एक बारीक मुकुट आला.

एवढी माहिती हाताशी असली की कितीतरी घड्याळे जागेवरच बाद होतात. कार्ड २००६ चे आणि बेझल सिरॅमिकचे असेल, तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे. घड्याळ २०१५ चे सांगितले आणि डायलच्या तळाशी मधला मुकुट दिसला, तर ते डायल त्या घड्याळाचे नाही. १६६१० मध्येही वर्षानुसार बारीक फरक आहेत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तळाशी ट्रिटियमची खूण, मग थोडा काळ नुसते ‘स्विस’, आणि त्यानंतर ‘स्विस मेड’. केसच्या टोकांवरची, पट्ट्याची पिन बाहेरून दिसू देणारी छिद्रेही २००३ च्या सुमारास बंद झाली. अधिकृत केंद्रात सर्व्हिसच्या वेळी जुने डायल बदलून नवे खरे डायल बसवले जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. मग वर्ष जुळत नसले तरी डायल कंपनीचे असते. मात्र अशा वेळी त्या कामाची पावती असली पाहिजे, आणि जुन्या घड्याळाची किंमत त्यामुळे कमी धरली पाहिजे.

क्रमांक कुठे कोरला आहे यालाही इतिहास आहे. पूर्वी पट्टा काढल्यावर केसच्या टोकांच्या मधल्या जागेत, सहाच्या बाजूला अनुक्रमांक आणि बाराच्या बाजूला मॉडेल क्रमांक दिसत असे. २००५ नंतर हळूहळू डायल आणि काच यांच्या मधल्या उभ्या कडीवर कंपनीचे नाव पुन्हा पुन्हा कोरले जाऊ लागले आणि अनुक्रमांक त्या कडीवर सहाच्या जागी आला. २०१० नंतरच्या क्रमांकांत अक्षरे व आकडे कोणत्याही क्रमाविना येतात, त्यामुळे त्यावरून वर्ष काढता येत नाही. ‘क्रमांकावरून हे २०१८ चे आहे’ असे ठामपणे सांगणाऱ्या विक्रेत्याला ते वर्ष कशावरून कळले, असे अवश्य विचारावे.

उजेडात, नुसत्या डोळ्यांनी

खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात घड्याळ उलटेसुलटे करून पाहावे. सबमरीनरची पाठ बाहेरून साधी, गुळगुळीत असते; तिच्यावर मोठा मुकुट कोरलेला असेल किंवा काचेतून मशीन दिसत असेल, तर तिथेच थांबावे. तारखेवरचे भिंग आकडा अडीच पट मोठा करते, त्यामुळे खऱ्या घड्याळात तारीख चौकट जवळजवळ भरून टाकते. स्वस्त नकलांमध्ये आकडा लहान आणि एका बाजूला सरकलेला दिसतो. बेझल एकाच दिशेने फिरते, एका फेरीत १२० टिचक्या लागतात आणि थांबल्यावर ते मागेपुढे हलत नाही. चावीवर मुकुटाखाली तीन ठिपके असतात. चावी सोडवून पुन्हा बसवताना आटे गुळगुळीत लागले पाहिजेत. खरखर जाणवली तर तो भाग झिजलेला तरी आहे किंवा बदललेला तरी.

मग चावी ओढून काटे पुढे फिरवत मध्यरात्र ओलांडावी. खऱ्या घड्याळात तारीख बाराच्या आसपास एका क्षणात उडी मारते. अकरापासून सरकायला लागून साडेबाराला जागेवर बसणारी तारीख हे साध्या मशीनचे लक्षण आहे. ही परीक्षा मला विशेष आवडते, कारण ती दोन मिनिटांत होते आणि विक्रेत्यासमोर सहज करता येते.

वजनावर मात्र फार विसंबू नये. ‘हातात जड लागते’ हा निकष वीस वर्षांपूर्वी उपयोगी होता. आज चांगल्या नकलाही भरीव पोलादाच्या असतात.

भिंगाखाली डायल

घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहा पटीचे भिंग काही शे रुपयांत मिळते आणि या सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची खरेदी आहे. डायलवरच्या अक्षरांच्या कडा पाहाव्यात. खऱ्या डायलवर शाई किंचित उंचावलेली, कडा सुरीने कापल्यासारख्या आणि अक्षरांमधली अंतरे समान असतात. नकली डायलवर भिंगाखाली कडा फुटलेल्या दिसतात, जाड-बारीक होतात, क्वचित शाई पसरलेली असते. खोली सांगणाऱ्या ओळीत १००० फूट आणि ३०० मीटर हे आकडे व त्यांच्या मधले बरोबरीचे चिन्ह पाहावे; छपाई बिघडते ती अशा बारीक जागी. मग ठिपक्यांकडे वळावे. लेप ठिपक्याभोवतीच्या धातूच्या कडीच्या आत सपाट भरलेला असावा. कडीवर ओघळलेला किंवा मध्ये खड्डा पडलेला लेप हाताने भरलेला असतो. काट्यांचा लेप आणि ठिपक्यांचा लेप एकाच रंगाचा व एकाच वयाचा दिसला पाहिजे. मावसभावाच्या घड्याळात काटे मलईच्या रंगाचे झाले होते आणि ठिपके पांढरेशुभ्र होते. आता ते आठवले की वाटते, दिवा मालवण्याचीही गरज नव्हती.

साधारण २००२ नंतरच्या काचांत सहाच्या जागी लेझरने कोरलेला एक अतिसूक्ष्म मुकुट असतो. तो सापडायला उजेडाचा कोन बदलत बराच वेळ शोधावे लागते. नुसत्या डोळ्यांना पटकन दिसणारा मुकुट बहुधा नक्कल करणाऱ्याने हौसेने मोठा कोरलेला असतो.

सेकंद काटा मोजणे

‘खऱ्या घड्याळाचा काटा सरकतो, खोट्याचा टिकटिकतो’ हा समज खोलवर रुजला आहे आणि त्याने लोकांचे नुकसान केले आहे. सबमरीनरचे मशीन तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे काटा सेकंदाला आठ पावले टाकतो. मोबाइलमध्ये संथ गतीचे चित्रण करून एका सेकंदातली पावले मोजावीत. सहा आली तर मशीन तासाला २१,६०० ठोक्यांचे, म्हणजे वेगळे आहे. आठ आली तर घड्याळ या परीक्षेत उतरले इतकेच समजावे, कारण नकलांमध्येही आठ पावलांची मशीन असतात. शिवाय हा आकडा प्रत्येक ब्रँडचा निराळा आहे. ओमेगाचे चंद्रावर गेलेले स्पीडमास्टर आजही २१,६०० ठोक्यांवर चालते, त्याच कंपनीची ‘को-ॲक्सियल’ नावाची कित्येक मशीन २५,२०० वर चालतात. रोलेक्सनेही १९७७ पासून २००१ पर्यंत बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे बनवली, ज्यांचा काटा दर सेकंदाला एकच टिचकी घेतो आणि तरी ती अस्सल आहेत. तेव्हा मॉडेलचा आकडा आधी शोधावा आणि मग मोजावे.

मशीनची दुसरी परीक्षा वेळखाऊ आहे, पण विक्रेत्याने दोन-तीन दिवस घड्याळ ठेवायला दिले तर जरूर करावी. चावी पूर्ण देऊन घड्याळ टेबलावर ठेवावे आणि ते कधी बंद पडते ते लिहून ठेवावे. ३१३५ मशीन सुमारे ४८ तास चालते, ३२३५ सुमारे ७० तास. नव्या पिढीचे म्हणून विकलेले घड्याळ चाळीस तासांत थांबले, तर एकतर त्याची सर्व्हिस राहिली आहे किंवा आत दुसरेच मशीन आहे.

पाठ उघडणे

आजच्या सर्वांत चांगल्या नकला वरच्या बहुतेक परीक्षा पार करतात, हे मान्यच करायला हवे. त्यांच्यात कडीवरची अक्षरे बरोबर असतात, सिरॅमिक असते, तारीख उडी मारते. त्यामुळे लाखांचा व्यवहार असेल तर पाठ उघडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हे काम घरी करू नये. रोलेक्सच्या पाठीला खाचा असतात आणि तिला बसणारे खास हत्यार लागते, चिमट्याने किंवा पकडीने प्रयत्न केला तर केसवर कायमचे ओरखडे पडतात.

घड्याळजीच्या शेजारी बसून स्वतः पाहावे. सर्वांत आधी बॅलन्स व्हील शोधावे, म्हणजे भरभर मागेपुढे फिरणारे चाक. ३१३५ मध्ये त्याच्यावरचा पूल, म्हणजे चाकाला वरून धरणारा धातूचा तुकडा, दोन्ही बाजूंना स्क्रूने धरलेला असतो, आणि वेग कमीजास्त करण्यासाठी चाकाच्या आतल्या बाजूला बारीक नट असतात. अधिक-उण्याच्या खुणा असलेली, सरकवून वेग बदलायची छोटी पट्टी तिथे दिसली, तर ते मशीन रोलेक्सचे नाही, मग रोटरवर, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरणाऱ्या अर्धगोल वजनावर, काहीही कोरलेले असो. त्यानंतर रोटरखालची लाल रंगाची चाके, कोरीव अक्षरांची सफाई आणि पुलांच्या कडांची झिलई पाहावी. खऱ्या मशीनमध्ये जिथे ग्राहकाची नजर कधीच जाणार नाही तिथेही कडा घासून चकचकीत केलेल्या असतात. नक्कल करणारा वरच्या भागावर मेहनत घेतो, पण पुलाच्या आतल्या कोपऱ्यात यंत्राच्या रेघा तशाच सोडतो. त्या कोपऱ्यावर भिंग धरून घड्याळजीने मला पहिल्यांदा हा फरक दाखवला, तेव्हापासून मला मशीन पाहण्याची गोडीच लागली.

आपला नेहमीचा घड्याळजी कितीही विश्वासू असला, तरी त्याने या मॉडेलची मशीन पूर्वी उघडलेली आहेत का, हे विचारण्यात संकोच करू नये. शेवटचा शब्द कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा. तिथे नकली किंवा बाहेरचे भाग बसवलेले घड्याळ सर्व्हिसला घेत नाहीत, आणि त्यांचा हा नकारही आपल्यासाठी प्रमाणपत्राइतकाच उपयोगी असतो.

दुसऱ्या ब्रँडबद्दल आणि जुन्या घड्याळांबद्दल

कार्टियरच्या रोमन आकड्यांच्या डायलवर भिंग लावून सातच्या आकड्यातल्या एका तिरक्या रेघेकडे पाहावे. बऱ्याच मॉडेलांत ती रेघ म्हणजे अतिशय बारीक अक्षरांत लिहिलेले कंपनीचे नाव असते, काहींत ते दहाच्या आकड्यात असते. नकलेत ती अक्षरे एकमेकांत मिसळून जातात. ओमेगा स्पीडमास्टरच्या प्लास्टिकच्या काचेत बरोबर मधोमध, काट्यांच्या खिळ्यावर, कंपनीचे चिन्ह कोरलेले असते. सोन्याच्या स्विस घड्याळात ७५० चा आकडा आणि १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा शिक्का शोधावा.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ओमेगा, फाव्र-ल्यूबा किंवा वेस्ट एंड घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. मुंबईत जुनी डायल पुन्हा रंगवून, काटे बदलून, तीन घड्याळांतून एक बनवण्याचा उद्योग इतका चालला की परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना मुंबईचेच नाव दिले आहे. कंपनीने कधीच न काढलेले भडक रंग, तिरके छापलेले नाव, छोट्या सेकंदाच्या वर्तुळात घुसलेली रेघ आणि झिजलेल्या केसमध्ये कोरे करकरीत डायल या त्याच्या खुणा. आपल्या एचएमटीलाही हे चुकलेले नाही. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेल्या त्या कारखान्याची साधी, चावीची ‘जनता’ आज जांभळ्या आणि पोपटी डायलमध्ये ‘दुर्मीळ’ म्हणून विकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशी जुळवाजुळव फक्त आपल्याच गल्ल्यांत होते असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात तपकिरी पडलेल्या डायलचे १९५७ च्या धाटणीचे एक स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेले. घेणारी खुद्द ओमेगा होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ते बहुतांशी इतर घड्याळांच्या खऱ्या भागांतून जुळवलेले असल्याचे उघड झाले, आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता असे कंपनीने सांगितले. प्रत्येक भाग खरा असूनही घड्याळ खोटे असू शकते, ते असे.

पैसे देताना

व्यवहार बँकेतूनच करावा. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे विक्रेत्याला कायद्याने मना आहे, आणि त्या पुढच्या व्यवहारात तो पॅन क्रमांक मागतो हे योग्यच आहे. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का कर विक्रेत्याने गोळा करायचा असतो. तो न घेता एवढे मोठे घड्याळ विकणारे दुकान हिशेबाबाहेर विकत आहे असे समजावे. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर स्वतः टाकून पाहावा. घड्याळ परदेशातून आणलेले असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती मागावी.

फसवणूक झालीच, तर ग्राहक मदतवाहिनी १९१५ आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० हे क्रमांक लगेच वापरावेत. विक्रेत्याबरोबरचे सगळे संदेश, छायाचित्रे आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. विकताना घड्याळाला ‘ओरिजिनल’ म्हटल्याचा लेखी पुरावा तक्रारीत सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

म्हणूनच बिलावर नुसते ‘रोलेक्स घड्याळ, एक नग’ असे लिहून घेऊ नये. मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, अंदाजे वर्ष, बदललेले भाग कोणते, आणि पंधरा दिवसांत अधिकृत सेवा केंद्राने कोणताही भाग कंपनीचा नसल्याचे सांगितल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, असे एक वाक्य विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे. मावसभावाने नेमके हेच वाक्य मागितले होते. विक्रेत्याने सही करायला दोन दिवस मागून घेतले, तिसऱ्या दिवशी घड्याळ परत मागवले, आणि आगाऊ दिलेले पाच हजार रुपये त्याच संध्याकाळी खात्यात जमा केले.